निर्वासितांचा कैवारी

युरोप खंडाच्या नकाशात अगदी उत्तरेस, समुद्राला बिलगून असलेला नॉर्वे हा देश तुम्हांस सहज सापडेल. तेथील हिवाळा दीर्घ व कडक असतो. डोंगर, दऱ्या, शेते सारी बर्फाखाली झाकून जातात, आणि माणसे 'स्की' नावाच्या लांब लाकडी पट्ट्या पायांस बांधून त्यावरून घसरत प्रवास करतात. या देशाच्या राजधानीनजीक १० ऑक्टोबर १८६१ रोजी फ्रित्योफ नान्सेन याचा जन्म झाला. राजधानीचे नाव त्या काळी ख्रिस्तियानिया असे होते. १९२५ पासून ती ओस्लो म्हणून ओळखली जाते.

फ्रित्योफचे वडील वकील होते. ते शिस्तीचे मोठे भोक्ते. आईला मात्र मोकळ्या हवेची व खेळांची आवड. स्त्रियांनी स्कीवरून हिंडणे ज्या काळी शिष्टसंमत नव्हते, त्या काळी ती स्कीवरून हिंडत असे. आईबापांचे हे दोन्ही गुण मुलात उतरले. घराजवळच दाट अरण्य होते. हा मुलगा दिवसचे दिवस त्या अरण्यात काढी. ओढ्यातील मासे धरी, ते भाजून खाई आणि उघड्यावर झोपे. भूक, थंडी आणि एकांत यांची भीती त्याच्या मनातून लहानपणीच गेली.

विद्यापीठात त्याने प्राणिशास्त्र हा विषय घेतला, याचे कारणही त्यामुळे रानावनांत भटकावयास मिळेल हेच होते. १८८२ साली सीलची शिकार करणाऱ्या एका जहाजावरून तो उत्तर महासागरात गेला. त्या सफरीत ग्रीनलंडचा बर्फाच्छादित किनारा त्याने दुरून पाहिला, आणि या प्रचंड बेटाच्या अंतर्भागात काय असेल हा प्रश्न त्याच्या मनात घर करून बसला. पुढे काही वर्षे त्याने बर्गेन येथील वस्तुसंग्रहालयात नोकरी केली व प्राण्यांच्या मज्जातंतूंचा सूक्ष्म अभ्यास करून १८८८ साली डॉक्टर ही पदवी मिळविली. पदवी हाती पडते न पडते तोच तो ग्रीनलंडला निघाला.

ग्रीनलंड आडवे ओलांडून जाणे तोवर कोणासही साधले नव्हते. पूर्वीचे प्रवासी पश्चिमेकडून, म्हणजे जिकडे वस्ती आहे तिकडून, निघत आणि संकट येताच मागे फिरत. नान्सेनने याच्या उलट बेत केला. त्याने निर्जन पूर्व किनाऱ्यावर उतरून पश्चिमेकडे जाण्याचे ठरविले. मागे घर नाही, अन्न नाही. जे काही आहे ते पुढेच. तेव्हा मागे फिरण्याचा विचारच कोणाच्या मनात येऊ नये! लोकांनी हा वेडेपणा ठरविला. सरकारने पैसे नाकारले, तेव्हा डेन्मार्कमधील एका व्यापाऱ्याने खर्च सोसला. बरोबर पाच सोबती होते. जहाजातून होड्यांत उतरल्यावर वाहत्या हिमखंडांनी त्यांना सुमारे बारा दिवस दक्षिणेकडे भरकटत नेले. अखेर किनारा लाभला, आणि ऑगस्टच्या मध्यास चढण सुरू झाली. सुमारे २,७०० मीटर उंचीचे ते हिमपठार. रात्री थंडी शून्याखाली ४५ अंशांपर्यंत उतरे. सप्टेंबर अखेर ते पश्चिम बाजूस उतरले. तेथे झुडपांच्या फांद्या व तंबूचे कापड यांची ओबडधोबड होडी करून नान्सेन आणि ओटो स्वेर्द्रुप ३ ऑक्टोबर १८८८ रोजी गोथोब या गावी पोहोचले. त्या वर्षी परतीचे जहाज मिळाले नाही. हिवाळा तेथेच काढावा लागला. पण नान्सेनने तो वाया घालविला नाही. तेथील इनुइट लोकांत मिसळून तो त्यांची कातडी होडी, म्हणजे कयाक, चालविण्यास शिकला. त्यांची भाषा, त्यांचा पोशाख, त्यांची अन्न मिळविण्याची रीत यांचा त्याने अभ्यास केला. ही विद्या पुढे त्याचा जीव वाचविणार होती.

नंतरची मोहीम याहूनही मोठी. 'जीनेट' नावाचे एक अमेरिकन जहाज १८८१ साली सायबेरियाच्या उत्तरेस बर्फात सापडून चिरडले गेले होते. तीन वर्षांनी त्यावरील काही वस्तू थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्यास लागलेल्या आढळल्या. यावरून नान्सेनने असे अनुमान केले की, ध्रुवाजवळील बर्फ स्थिर नसून पूर्वेकडून पश्चिमेकडे संथपणे वाहत असले पाहिजे. मग जहाज मुद्दामच त्या बर्फात अडकवून ठेवले तर? बर्फच ते वाहून नेईल! मात्र जहाज चिरडले जाता कामा नये. कॉलिन आर्चर या कुशल कारागिराने त्यासाठी गोल तळाचे जहाज बांधले. बर्फाने दोन्ही बाजूंनी दाबले की ते चिमटीतील बियांप्रमाणे वर सरकावे, अशी त्याची घडण होती. जहाजाचे नाव 'फ्राम'. नॉर्वेच्या भाषेत याचा अर्थ 'पुढे' असा होतो.

तेरा माणसे व पाच वर्षांचा शिधा घेऊन फ्राम १८९३ च्या जूनमध्ये निघाले आणि सप्टेंबरात बर्फात गोठले. अनुमान खरे ठरले. जहाज चिरडले नाही, वर उचलले गेले व बर्फाबरोबर वाहू लागले. शास्त्रज्ञांस उत्तर महासागर उथळ वाटे; परंतु खोली मोजण्याची दोरी तळास पोहोचेना, म्हणून जहाजावरील पोलादी दोर उसवून नवी लांब दोरी करावी लागली, आणि समुद्र ३,००० मीटरांहून खोल निघाला. बर्फ वाऱ्याच्या सरळ दिशेने न जाता किंचित उजवीकडे जाते, हेही नान्सेनने टिपून ठेवले. या लहानशा नोंदीतून पुढे समुद्रप्रवाहांचा एक महत्त्वाचा सिद्धांत निघाला.

जहाज नेमके ध्रुवावरून जाणार नाही असे दिसून आल्यावर १४ मार्च १८९५ रोजी नान्सेन व यल्मार योहान्सेन हे दोघेच अठ्ठावीस कुत्रे, तीन घसरगाड्या व दोन कयाक घेऊन ध्रुवाकडे निघाले. ८६ अंश १४ कला उत्तर अक्षवृत्तापर्यंत ते गेले. मनुष्य त्यापूर्वी इतका उत्तरेस कधीच गेला नव्हता. ध्रुव अजून सुमारे ४०० किलोमीटर दूर होता, पण समोर बर्फाच्या ढिगाऱ्यांमागून ढिगारे उभे होते. नान्सेनने मागे फिरण्याचा निर्णय केला. परतीची वाट अतिशय खडतर झाली. अन्नासाठी इमानी कुत्र्यांना एकामागून एक मारावे लागले. एकदा दोघांचीही घड्याळे किल्ली द्यावयाची राहून बंद पडली, आणि आपण नेमके कोठे आहोत हे सांगणेच कठीण झाले. फ्रान्झ जोसेफ लँड या निर्जन बेटांवर दगड, शेवाळ आणि वॉलरसचे कातडे यांची खोपट उभारून त्यांनी हिवाळा काढला. जवळजवळ नऊ महिने पांढऱ्या अस्वलाचे मांस हेच अन्न व त्याची चरबी हाच दिवा!

पुढल्या जूनमध्ये बांधून ठेवलेल्या दोन्ही कयाक वाऱ्याने सुटून वाहू लागल्या. सर्व सामान त्यांतच होते. नान्सेनने त्या गोठणबिंदूच्या पाण्यात उडी घेतली व हातपाय बधिर झाले तरी पोहत जाऊन त्या परत आणल्या. त्यानंतर काही दिवसांनी, १७ जून १८९६ रोजी, त्याला कुत्र्याचे भुंकणे ऐकू आले. फ्रेडरिक जॅक्सन नावाचा एक इंग्रज संशोधक तेथे तळ देऊन राहिला होता. काजळी व चरबीने काळवंडलेल्या या मनुष्यास त्याने प्रथम ओळखलेच नाही. गंमत अशी की, वजन करून पाहिले तेव्हा एवढ्या हालअपेष्टांनंतरही नान्सेनचे वजन सुमारे १० किलो वाढलेले निघाले. त्याच ऑगस्टमध्ये फ्रामही बर्फातून सुटले. तेराच्या तेरा माणसे सुखरूप घरी आली. मला तर ध्रुवाजवळ पोहोचण्यापेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते.

यानंतर नान्सेन जगभर नावाजला गेला. तो विद्यापीठात प्राध्यापक होऊन समुद्रशास्त्राचे संशोधन करू लागला. १९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून शांततेने वेगळा झाला. त्या कामी त्याने आपले वजन खर्च केले आणि १९०६ ते १९०८ या काळात इंग्लंडमध्ये नॉर्वेचा वकील म्हणून काम पाहिले. दक्षिण ध्रुवावर जाण्याची त्याची फार इच्छा होती. परंतु फ्राम जहाज त्याने तरुण आमुंडसेनच्या स्वाधीन केले, आणि तो मान आमुंडसेनला मिळाला.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. चार वर्षांनी ते थांबले, तेव्हा युरोपची दैना झाली होती. जुनी साम्राज्ये कोसळली होती, नवे देश उदयास आले होते. लढाई संपूनही लक्षावधी युद्धकैदी परमुलखात अडकून पडले होते. कोणी सायबेरियाच्या छावण्यांत, कोणी जर्मनीत. ऑस्ट्रिया-हंगेरीचे सैनिक ज्या देशासाठी लढले तो देशच नकाशावरून नाहीसा झाला होता. आपण आता कोणत्या देशाचे, हेही त्यांतील कित्येकांस सांगता येईना. राष्ट्राराष्ट्रांतील तंटे मिटविण्यासाठी नुकताच राष्ट्रसंघ स्थापन झाला होता. १९२० च्या एप्रिलमध्ये संघाने नान्सेनला या कैद्यांस घरी पोहोचविण्याचे काम सांगितले.

नान्सेन तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. आपले अर्धवट राहिलेले संशोधन पुरे करावे, असे त्याच्या मनात होते. ते बाजूस सारून त्याने हे काम अंगावर घेतले. अडचण ही की, रशियातील नवे साम्यवादी सरकार राष्ट्रसंघाला मानीत नव्हते, आणि संघातील बहुतेक देश त्या सरकारला मानीत नव्हते. रशियाच्या सरकारने संघाशी बोलण्याचे नाकारले. मात्र नान्सेन या व्यक्तीशी बोलण्यास ते तयार झाले. रशियाने आगगाड्यांनी कैदी सरहद्दीपर्यंत आणावेत आणि पुढे जहाजांनी बाल्टिक समुद्रातून त्यांना न्यावे, अशी व्यवस्था झाली. १९२२ पर्यंत ४,२७,००० हून अधिक कैदी आपापल्या घरी गेले. ज्या मुलाने बाप निघून गेल्यापासून पाच-सहा वर्षे त्याचे तोंड पाहिले नाही, त्याच्या दृष्टीने या आकड्याचा अर्थ काय असेल, याचा विचार करून पाहा.

हे काम चालू असतानाच रशियात भीषण दुष्काळ पडला. व्होल्गा नदीच्या काठची शेते १९२१ च्या उन्हाळ्यात करपून गेली. केवळ अवर्षण हेच त्याचे कारण नव्हते. आधी महायुद्ध, मग यादवी युद्ध. त्यात सरकारने शेतकऱ्यांकडील धान्य सक्तीने नेलेले, बियाणेसुद्धा उरलेले नाही. माणसे गवत, झाडांच्या साली, माती खाऊ लागली. ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे रेडक्रॉस व इतर संस्थांची परिषद भरली, व मदतीचे नेतृत्व नान्सेनवर सोपविण्यात आले. सप्टेंबरमध्ये राष्ट्रसंघाच्या सभेत त्याने सर्व सरकारांकडे मिळून ५० लाख पौंडांचे कर्ज मागितले. एकीकडे अर्जेंटिनात मक्याला गिऱ्हाईक नाही म्हणून तो जाळला जात आहे, युरोपच्या बंदरांत जहाजे रिकामी उभी आहेत, आणि दुसरीकडे पूर्वेस लक्षावधी माणसे अन्नावाचून मरत आहेत, हे त्याने तळमळीने मांडले. सरकारांनी कर्ज नाकारले. अन्न दिल्याने रशियातील साम्यवादी सरकार बळकट होईल, अशी त्यांची धास्ती होती. नान्सेनचे म्हणणे असे की, उपाशी मुलाचा पक्ष कोणता, हे विचारण्याची ही वेळ नव्हे.

सरकारे हलली नाहीत, तेव्हा तो लोकांकडे वळला. तो स्वतः दुष्काळी भागात गेला, तेथील छायाचित्रे घेतली आणि युरोपातील शहरोशहरी व्याख्याने देऊन पैसा गोळा केला. ती चित्रे पाहून श्रोत्यांना अश्रू आवरत नसत. काही वृत्तपत्रांनी मात्र तो साम्यवाद्यांचा हस्तक आहे, अशी त्याची निंदा केली. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. या दुष्काळात सर्वांत मोठी मदत अमेरिकेची. हर्बर्ट हूवर यांच्या संस्थेने ऐन भरात दररोज एक कोटीहून अधिक लोकांस जेवू घातले. नान्सेनच्या हाताशी असलेल्या संस्थांचे काम त्यामानाने लहान होते. तरीही त्या दुष्काळात व त्यापाठोपाठच्या रोगराईत सुमारे ५० लाख माणसे मरण पावली, असा अंदाज आहे. कर्ज वेळेवर मिळते तर यांतील किती वाचली असती, हा प्रश्न नान्सेनला जन्मभर सलत राहिला.

रशियातील यादवीमुळे देश सोडून गेलेले सुमारे दहा-पंधरा लाख लोक युरोपभर विखुरले होते. १९२१ साली राष्ट्रसंघाने निर्वासितांचा पहिला उच्चायुक्त म्हणून नान्सेनची नेमणूक केली. त्याच वर्षाच्या शेवटी रशियन सरकारने यांतील बहुतेकांचे नागरिकत्व काढून घेतले. नागरिकत्व नसणे म्हणजे काय, हे तुमच्या सहज ध्यानात येणार नाही. अशा माणसाला पारपत्र मिळत नाही. पारपत्र नाही म्हणून सरहद्द ओलांडता येत नाही. ज्या देशात तो आहे तेथे राहण्याची परवानगी नाही, आणि दुसऱ्या देशात जाण्याची सोयही नाही. दोन्ही बाजूंचे पोलीस त्याला पलीकडे ढकलतात. अंगात कसब असून काम मिळत नाही.

नान्सेनने यावर जो उपाय काढला, तो दिसावयास अगदी साधा होता. जुलै १९२२ मध्ये जिनिव्हा येथे सरकारांच्या प्रतिनिधींची बैठक होऊन निर्वासितांसाठी एक ओळखपत्र ठरविण्यात आले. त्यावर त्याचे नाव, जन्मस्थान, व्यवसाय व छायाचित्र असे. ज्या देशात निर्वासित असेल तेथील सरकारने ते द्यावे व इतर देशांनी ते मान्य करावे. लोक त्याला 'नान्सेन पारपत्र' म्हणू लागले. पुढे पन्नासांहून अधिक सरकारांनी ते मान्य केले. प्रथम ते रशियनांसाठी होते. १९२४ पासून ते आर्मेनियन निर्वासितांनाही मिळू लागले. ज्यांना शक्य असेल त्यांनी त्यावर पाच सोन्याच्या फ्रँकांचे तिकीट लावावे आणि त्या पैशातून गरीब निर्वासितांस मदत व्हावी, अशीही योजना पुढे झाली. संगीतकार स्त्राविन्स्की व चित्रकार शागाल यांच्यासारख्या थोर कलावंतांनी या पारपत्रावर प्रवास केला. पण त्यांच्यापेक्षा किती तरी अधिक ते शिंप्यांच्या, सुतारांच्या आणि शेतमजुरांच्या खिशांत होते. त्यात उणीव नव्हती असे नाही. सुरुवातीस ते देणारा देश निर्वासिताला परत घेण्यास बांधलेला नसे. तरी कागदच नसण्यापेक्षा तो कागद पुष्कळ बरा.

१९२२ च्या सप्टेंबरात ग्रीस व तुर्कस्तान यांच्या युद्धात स्मर्ना शहर जळून खाक झाले. आशिया मायनरमधील ग्रीक लोकांचे लोंढेच्या लोंढे समुद्र ओलांडून ग्रीसमध्ये आले. जेमतेम ५० लाख वस्तीच्या त्या गरीब देशावर बारा लाखांच्या आसपास निराधारांचा भार पडला. नाट्यगृहे, शाळा, गोदामे माणसांनी भरून गेली. नान्सेन तेथे धावला. त्याने अन्नाची व औषधांची तजवीज केली, आणि त्याबरोबरच दोन्ही सरकारांपुढे लोकसंख्येची अदलाबदल करण्याचा मार्ग मांडला. जानेवारी १९२३ मध्ये लोझान येथे तसा करार झाला. तुर्कस्तानातील ख्रिस्ती ग्रीसमध्ये, आणि ग्रीसमधील साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तुर्कस्तानात, अशी ही सक्तीची अदलाबदल होती.

या उपायाविषयी सुज्ञांत मतभेद आहेत. पुन्हा कत्तली होऊ नयेत, हा त्यामागील हेतू. परंतु ज्यांना आपले गाव, शेत आणि पूर्वजांची थडगी सोडावयाची नव्हती, त्यांनाही केवळ धर्मावरून उपटून दुसरीकडे लावण्यात आले. असा निर्णय सुखाने घेता येत नाही. आपल्या देशातही या घटनेची चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावर जो ग्रंथ लिहिला, त्यात या अदलाबदलीचा दाखला घेतलेला आहे.

ग्रीसमध्ये आलेल्यांस नुसते अन्नछत्र पुरणार नव्हते. माणसाला दररोज भाकरी वाढीत राहिल्याने तो उभा राहत नाही. त्याला जमीन, बियाणे, अवजारे आणि घर हवे, असे नान्सेनचे मत होते. राष्ट्रसंघाच्या मध्यस्थीने ग्रीसला मोठे कर्ज मिळाले. त्यातून दलदली आटविल्या गेल्या, नवी खेडी वसली आणि पडीक जमिनीत पिके डोलू लागली.

१९२२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक नान्सेनला मिळाले. पारितोषिकाची रक्कम त्याने याच कामांस दिली. त्यातून रशियात दोन आदर्श शेतीकेंद्रे उघडण्यात आली व तेथे ट्रॅक्टरने नांगरणी कशी करावी हे शिकविले जाऊ लागले. डेन्मार्कमधील एका प्रकाशकाने तेवढीच रक्कम आपल्याकडून त्याच्या हवाली केली.

त्याचे शेवटचे मोठे कार्य आर्मेनियन लोकांसाठी होते. महायुद्धाच्या काळात तुर्की साम्राज्यात या लोकांचा भयंकर संहार झाला, आणि उरलेले दाही दिशांस पांगले. १९२५ साली नान्सेन तज्ज्ञांना घेऊन आर्मेनियात गेला. तेथील ओसाड मैदानात पाण्याचे पाट काढून सुमारे ३६,००० हेक्टर जमीन भिजवावी आणि त्यावर १५,००० निर्वासित वसवावेत, अशी योजना त्याने आखली. नकाशे झाले, खर्चाचे अंदाज झाले. फक्त पैसा हवा होता. युद्धकाळात ज्या राष्ट्रांनी आर्मेनियनांना मोठमोठी आश्वासने दिली होती, त्यांच्याकडे नान्सेनने पुनःपुन्हा मागणी केली. वर्षामागून वर्षे गेली. कर्ज उभे राहिले नाही, आणि १९२९ साली संघाने ती योजना सोडून दिली. ध्रुवप्रदेशातील बर्फाने जे केले नाही ते या नकारांनी केले, तो थकला. तरीही पुष्कळ आर्मेनियन सिरिया व लेबानन येथे वसविले गेले, आणि त्या लोकांत नान्सेनचे नाव आजही आदराने घेतले जाते.

१३ मे १९३० रोजी ओस्लोजवळील आपल्या घरी हृदयविकाराने नान्सेनचा अंत झाला. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय सण. त्याच दिवशी सरकारी इतमामाने त्याचा अंत्यविधी झाला. पुढल्या वर्षी राष्ट्रसंघाने त्याच्या नावाने निर्वासितांचे कार्यालय उघडले, आणि १९३८ साली त्या कार्यालयासही शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५१ साली राष्ट्रांनी निर्वासितांविषयी जो करार केला, त्यान्वये देशोदेशींच्या निर्वासितांस प्रवासपत्र मिळते. ते नान्सेनच्या त्या एकपानी कागदावरूनच पुढे आलेले आहे.